ताई, आता तारखा सांगा

ठाण्यातल्या एका ग्राहक मार्गदर्शन केंद्राच्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी उपडी झाली. आतून निघालं वॉशिंग मशीनचं बिल, वॉरंटी कार्ड, मेकॅनिकच्या पावत्या आणि घड्यांवर फाटायला आलेलं एक पत्र. साठीच्या बाई सगळं एका दमात सांगू लागल्या. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीवाले पुढच्या आठवड्यात माणूस येईल म्हणतात, आणि येणारा प्रत्येक मेकॅनिक पुन्हा पहिल्यापासून विचारतो. समोरचे कार्यकर्ते बँकेतून निवृत्त झालेले. मध्ये एक शब्द न बोलता ते ऐकत राहिले. बाईंचा आवाज जरा खाली आला तेव्हा कोरा कागद पुढे ओढून म्हणाले, “ताई, आता तारखा सांगा. मशीन कधी घेतलं? पहिल्यांदा बंद कधी पडलं?”

पाऊण तासाने त्या कागदावर खरेदीपासून शेवटच्या फोनपर्यंतचा क्रम उतरला होता. प्रत्येक ओळीपुढे पुराव्याचा कागद लागला होता. एका तारखेची पावतीच नव्हती. मोबाइलमधला मेसेज शोधून त्याची प्रत आणायची ठरली. कंपनीला जाणारं पत्र मात्र बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढच्या वेळी त्यांना कुणाकडे जावं लागू नये, असा त्यामागचा हेतू. या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

महाराष्ट्रात ही पद्धत रुजली ती ग्राहक चळवळीतून. बिंदुमाधव जोशी, गीतरामायणाचे संगीतकार सुधीर फडके आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महागाई, टंचाई आणि भेसळीचा तो काळ. पंचायतीने हात घातला तो वितरणाला. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवायची, आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा, हिशेब चोख ठेवायचा. हे काम मुख्यतः गृहिणींनी पेललं. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. तोवर इथल्या कितीतरी घरांना बिल तपासायची आणि वजनाबद्दल विचारायची सवय लागली होती. तक्रारीसाठी माणूस एकटा पडू नये, ही पुढची पायरी त्यातूनच आली, असं मला वाटतं.

कायद्याने अशा संस्थांना खरं बळ दिलं. नोंदणीकृत ग्राहक संघटना ग्राहकाच्या वतीने तक्रार दाखल करू शकते. वकील नसलेल्या प्रतिनिधीने ग्राहक मंचापुढे बाजू मांडावी की नाही, यावर मुंबईतून गेलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०११ मध्ये न्यायालयाने अशा प्रतिनिधींचा हक्क मान्य केला. २०१९ च्या नव्या कायद्याने आणखी सोय केली: आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क नाही.

पण प्रत्येक गाऱ्हाणं ग्राहक आयोगात न्यायचं नसतं, आणि इथेच अनुभवी कार्यकर्त्याची किंमत कळते. बँकेची तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मेडिक्लेम नाकारला असेल तर विमा लोकपाल आहे. फ्लॅटचा ताबा रखडला असेल तर महारेरा. तिथे २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू झाला, ज्यात ग्राहक संघटनेचे आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलतं करतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थांबून राहण्याने. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. “बघतो, करतो” या आश्वासनांवर विश्वास ठेवून माणसं दीड-पावणेदोन वर्षं घालवतात आणि मग धावत येतात. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवून द्यावं लागतं. काही वेळा कार्यकर्त्याला सरळ सांगावं लागतं, की तुमच्या प्रकरणात दम नाही. फी घेणारा नसल्यामुळे तो हे निर्भीडपणे सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्याचा पुढचा मनस्ताप वाचतो.

आयोगांच्या संथपणाबद्दल मात्र राग यायलाच हवा. मालाची तपासणी लागत नसेल, तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. वयस्कर तक्रारदारांना तारखांमागून तारखा झेपत नाहीत. त्या काळात केंद्रातलं कुणीतरी फोन करून “पुढची तारीख लक्षात आहे ना?” विचारतं, तेव्हा पुष्कळांचा धीर टिकतो.

या केंद्रांना आज तरुण हात हवे आहेत. बहुतेक कार्यकर्ते निवृत्त आहेत. शिवाय आता तक्रारी ऑनलाइन दाखल होतात. २०२५ पासून त्यासाठी ‘ई-जागृती’ ही नवी व्यवस्था आहे. घरबसल्या तक्रार करता येते हे चांगलंच, पण प्रत्येक पावती स्कॅन करायची, पानांना क्रमांक द्यायचे, ओटीपी वेळेत भरायचा, यात सत्तरीतले आजोबा अडकतात. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि संगणकाचा सराव असलेल्या कुणालाही हे काम जमेल. कायदा बाजूला बसलेल्या ज्येष्ठांकडून शिकता येतो. तोवर घाई असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फोन करण्याआधी बिल हाताशी ठेवावं.