जुन्या बुलेटचा कॅम

धुळ्यातून जाताना बुलेटचा परिचित ठोका कानी यावा आणि त्यात मधूनच अडखळ, मधूनच काहीसा उतावीळपणा जाणवावा, असे एकदा घडले. आणि तो ठोका कोणी व कशासाठी बदलला असेल या जिज्ञासेने मी आग्रा रस्त्यालगतच्या एका दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसू लागलो. तेथे रॉकेलमध्ये भिजत पडलेल्या सुट्या भागांचा उग्र वास भरलेला असतो, आणि सारे ज्यांना आप्पा म्हणतात ते वयोवृद्ध मिस्त्री हातातल्या कॅमच्या लोबवरून, म्हणजे त्याच्या फुगवट्यावरून, सावकाश अंगठा फिरवीत असतात.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचे इंजिन ३४६ घन सेंटिमीटरचे; बोअर ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. त्यात आत येणाऱ्या मिश्रणाच्या व्हॉल्व्हसाठी एक आणि जळालेल्या वायूच्या व्हॉल्व्हसाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र कॅम दातेरी चाकांसह फिरतात, तेही क्रँकच्या बरोबर निम्म्या गतीने. लोबची उंची व्हॉल्व्ह किती उघडेल हे ठरवते, त्याची रुंदी किती काळ उघडा राहील हे ठरवते, आणि या दोन गोष्टींवर इंजिनाचा सारा स्वभाव अवलंबून असतो.

यावल तालुक्यातील केळीबागायतदाराचा एक तरुण मुलगा शर्यतीच्या गाडीचा असावा तसा रुंद लोबचा कॅम मागावयास आला, तेव्हा आप्पांनी कॅटलॉग बाजूस सारून प्रथम विचारले, "गाडी घाटमा लई जानी शे का?" चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वरचेवर जावे लागते, मागे माणूस असतो, शिवाय ओझे असते, असे त्याने सांगितले. त्यावर आप्पा एवढेच म्हणाले, "कारखान्याने अठरा घोडे दिलेत, आणि तेही ५६२५ फेऱ्यांवर. तू घाटात ५६२५ वर कधी जातोस?"

हा ५६२५ चा आकडा त्या दुकानात मी इतक्यांदा ऐकला की अखेर मीच कागदावर हिशेब मांडला. तेवढ्या फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला सरासरी सतरा मीटरच्या आसपास धावतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस वेळा उघडून मिटतो. रुंद लोबचा कॅम आपला गुण दाखवतो तो याच्याही पलीकडे, आणि तेथे नेमकी जुन्या बुलेटची खालची बाजू, विशेषतः कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची फिरती बुश, साथ सोडू लागते. कमी फेऱ्यांवर तर असा कॅम उलटाच अपाय करतो: पिस्टन वर चढू लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो आणि सिलिंडरमध्ये आलेले मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत ढकलले जाते. आप्पा त्या मुलास म्हणाले, "पाटाचं दार वेळेवर टाकलं नाही तर वावरात आलेलं पाणी उलटं जातं, तसंच हे." मुलगा शेतकऱ्याचा होता; पुढचे त्याला सांगावे लागले नाही.

रस्त्यावर ऐकलेल्या त्या अडखळत्या ठोक्याचा उलगडा मला येथे झाला. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा अवधी वाढला म्हणजे मंद चालीत जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि इंजिन थबकत चालते. पुष्कळांना तो आवाज पराक्रमाचा वाटतो. मला मात्र आप्पांचे मत पटते: जी शक्ती चढावर ओझे ओढताना हाती येत नाही, तिच्यासाठी इंजिनाचे आयुष्य खर्ची घालणे हा त्या यंत्रावर अन्याय आहे.

मोठा पिस्टन घालून घनमान वाढवण्याची गोष्ट तर ते कानावरही घेत नाहीत, कारण नोंदणी-पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा फेरफाराला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई केली आहे.

त्या मुलाच्या गाडीत अखेरीस लोबची उंची किंचित अधिक, परंतु रुंदी जवळजवळ मूळचीच, असा कॅम घालण्याचे ठरले. बसवणे फार वेळाचे काम नव्हे. दात्यांवरच्या खुणा जुळवल्या की झाले. वेळ लागतो तो खात्री करून घेण्यात. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापून, हेड बसवून, आप्पांनी इंजिन हाताने फिरवले, पुन्हा उघडले आणि व्हॉल्व्हचा ठसा मातीत किती खोल उमटला ते पाहिले. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असता स्प्रिंगचे वेढे एकमेकांस टेकतात की काय तेही तपासले. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि तापलेले लोखंड फुगते, म्हणून अंतर थोडे मोकळेच ठेवावे असा त्यांचा परिपाठ.

पैसे वाचावेत म्हणून लोबवर टेकून चालणारे टॅपेट जुनेच ठेवावेत असे मुलाने सुचवले, तेव्हा आप्पांनी जुन्या टॅपेटचा झिजून खळगा पडलेला तळ त्याच्या अंगठ्याखाली दिला आणि नव्या कॅमचा लोब त्याच्या दुसऱ्या हाती ठेवला. त्याने दोन्हींवरून अंगठा फिरवला, आणि टॅपेटही नवेच घ्यायचे ठरले.