पॅरिसहून मार्सेय आणि नीस: अंतर सारखं, वेळ वेगळा

युरोपची सहल आखताना अनेक जण नकाशावरचं अंतर पाहून दिवस वाटून टाकतात. पॅरिसहून मार्सेय सरळ रेषेत सुमारे ६६० किलोमीटर आणि नीस सुमारे ६८५. फरक जेमतेम पंचवीस किलोमीटरचा, तेव्हा दोन्हीकडे जायला वेळही सारखाच लागेल, हा पहिला गैरसमज. टीजीव्ही ही वेगवान रेल्वे मार्सेयला सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. नीसला जायला पावणेसहा तास तरी धराच. फरक पडतो तो रुळांमुळे. पॅरिस आणि ल्यों यांच्यामधला वेगवान मार्ग १९८१ साली सुरू झाला, २००१ साली तो मार्सेयपर्यंत आला, पण नीसपर्यंत काही गेला नाही. ताशी ३०० किलोमीटरने आलेली गाडी पुढे तुलाँ, कान करत समुद्रकाठच्या जुन्या मार्गावरून वळणं घेत जाते. (खिडकी उजवीकडची घ्यावी, समुद्र त्या बाजूला आहे.) मोटारीने जायचं तर मार्सेय साधारण ७७५ किलोमीटर, नीस मात्र ९३० च्या घरात. मध्ये आल्प्स आडवे येत असल्याने महामार्ग रोन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेला उतरतो आणि मगच पूर्वेला वळतो.

विमानाचा हिशेबही लोक असाच करतात. वेग ताशी ८०० किलोमीटर, म्हणजे नीस पन्नास मिनिटांत! वेळापत्रकात मात्र जवळजवळ दीड तास दिसतो. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे सगळं त्यात येतं, आणि पूर्ण वेग मिळतो तो मधल्या थोड्या वेळापुरताच. नीसला तर विमान बऱ्याचदा समुद्रावरून वळसा घेऊन उतरतं. उशिरासाठी थोडी सवड कंपन्या धरतात, हेही खरंच.

मग विमानच लवकर नेतं का? मार्सेयच्या बाबतीत माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथला विमानतळ शहराबाहेर मारिन्यानला, पॅरिसचे विमानतळही शहराबाहेर, शिवाय तपासणीच्या रांगा. रेल्वे थेट पॅरिस शहरातल्या गार द ल्यों स्थानकातून सुटते आणि मार्सेय शहरातल्या सॅं-शार्ल स्थानकात उतरवते. नीसला मात्र विमानच बरं; तिथला विमानतळ शहराला लागून आहे आणि तिथून ट्राम मिळते.

‘फ्रान्सने देशांतर्गत विमानं बंद केली’ हे तर सर्रास ऐकू येतं. मे २०२३ मध्ये लागू झालेली बंदी रेल्वेने अडीच तासांच्या आत गाठता येणाऱ्या ठिकाणांपुरती आहे. तिचा फटका बसला तो पॅरिसच्या ओर्ली विमानतळाहून नाँत, ल्यों आणि बोर्दो या तीन मार्गांना. एअर फ्रान्सने तर ते मार्ग सरकारी मदतीच्या अटीमुळे २०२० सालीच सोडले होते. मार्सेय आणि नीस या नियमात बसत नाहीत, त्यामुळे तिथली विमानं चालूच आहेत.

भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. मुंबईचं विमान पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरतं. नीसचं तिकीट ओर्लीहून काढलंत, तर सामान घेऊन पॅरिसच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागेल. तेव्हा पैसे भरण्याआधी विमानतळाचं नाव नीट वाचा.