दोनशे पानांनंतरची फुलं

ट्रिलियम हे फूल मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तरी गेली अनेक वर्षं त्याचा नाद सुटत नाही. एक देठ, त्याच्या टोकाला तीन पानं, त्या पानांच्या मधोमध तीन हिरवी दलं आणि तीन पाकळ्या. उत्तर अमेरिकेतल्या पानगळीच्या जंगलात बर्फ वितळला की हे फूल जमिनीतून वर येतं, डोक्यावरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधी फुलतं, बी धरतं आणि पुन्हा जमिनीखाली जातं. पांढरं ट्रिलियम हे ओंटारिओ प्रांताचं १९३७ पासूनचं अधिकृत फूल. टोरोंटोतल्या मराठी घरांत सरकारी कागदांवरच्या चिन्हातून ते रोज दिसतं, पण ते रुजायला किती सावकाश रुजतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बियांना चिकटलेल्या स्निग्ध गाठीसाठी मुंग्या त्या वारुळात ओढून नेतात आणि तिथेच त्यांची पेरणी होते. बी दोन हिवाळे सोसल्याशिवाय पान वर काढत नाही, आणि पहिलं फूल यायला साधारण सात वर्षं किंवा त्याहून अधिक काळ जातो. म्हणून रानातून उपटून बागेत लावलेलं प्रत्येक ट्रिलियम ही रानाची कित्येक वर्षांची कमाई असते. तिकडच्या रोपवाटिकांचा जुना वाद हाच: विकलेला कंद बियांपासून वाढवलेला आहे की जंगलातून खणून आणलेला?

हा वाद आपल्यापासून लांब आहे असं मानू नये. हिमालयात ट्रिलियमची एक जात वाढते, ट्रिलियम गोवानियानम. सहारनपूरच्या सरकारी बागेचे पहिले अधीक्षक डॉ. गोवान यांचं नाव तिला दिलेलं आहे. हिमाचलात तिला नागछत्री म्हणतात. मुळातल्या स्टिरॉइड वर्गातल्या द्रव्यांसाठी ती इतकी खणली गेली की आज तिची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते.

सह्याद्रीत ट्रिलियम नाही. त्याचा शेजारी मात्र आहे. अमेरिकेच्या जंगलात ट्रिलियमच्या जोडीनं, त्याच ओलसर सावलीत, आरिसीमा या प्रजातीची एक वनस्पती हमखास उगवते. तिची सख्खी चुलत बहीण म्हणजे आपला सापकांदा, आरिसीमा मरेआय. ट्रिलियमचे फोटो पाहता पाहता मी या शेजाऱ्यापाशी थांबलो आणि पुढचा सगळा शोध त्याच्यामागे गेला.

भिवंडीहून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढला की जूनच्या पहिल्या पावसानंतर तो भेटतो. महाबळेश्वरला आणि खंडाळ्यालाही भेटतो. आधी येतो तो फुलोरा. पान त्याच्या मागून. देठाच्या टोकाला नागाच्या फण्यासारखं पुढे झुकलेलं पांढरं आवरण, आत गळ्याशी जांभळी झाक, आणि आवरणाच्या नळीत उभा दांडा. खरी फुलं या दांड्याच्या तळाशी, बारीक दाण्यांसारखी, वरून न दिसणारी. या प्रजातीत कंद लहान असेल त्या वर्षी झाड नर असतं. कंदात पुरेसा साठा झाला की तेच झाड मादी होतं, आणि फळं धरून थकलं की पुन्हा नर होऊ शकतं. बुरशीवर जगणारी चिलटं वासानं फसून नळीत उतरतात. नर फुलोऱ्याच्या तळाशी त्यांना बाहेर पडायला फट असते, म्हणून ती परागकण अंगावर घेऊन निसटतात. मादी फुलोऱ्याला अशी फट नसते. तिथे शिरलेलं चिलट परागीभवन करतं आणि बहुधा तिथेच मरतं. पुढे पावसाळा सरताना नारिंगी-लाल फळांचं कणीस जमिनीकडे झुकतं.

‘मरेआय’ हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं १८३९ साली, मुंबईत. पुस्तकाचं नाव ‘मुंबई आणि परिसरात वाढणाऱ्या वनस्पतींची यादी’ असं मराठीत सांगता येईल. मुंबईच्या सरकारी छापखान्यात छापलेलं, अडीचशेच्या वर थोडी पानं असलेलं हे इंग्रजी पुस्तक. लेखक जॉन ग्रॅहॅम. या माणसाबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही, आणि हा अन्याय आहे असं मला वाटतं.

ग्रॅहॅम वनस्पतीशास्त्राचा प्राध्यापक नव्हता, सरकारी वैद्यही नव्हता. तो होता टपालखात्यात, मुंबई इलाख्याचा डेप्युटी पोस्टमास्तर जनरल. जन्म स्कॉटलंडमधला, १८०५ चा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा त्याच्यावर लोभ होता. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेच्या बागेची देखरेख काही वर्षं त्याच्याकडे होती. दिवसा डाक, उरलेल्या वेळात वनस्पती. मुंबई बेट, साष्टी, कोकण आणि घाट इथलं जे जे त्याला दिसलं आणि मित्रांनी जे कळवलं ते सगळं त्यानं या यादीत घातलं: रानटी, लागवडीचं, बाहेरून आलेलं. झाड कुठे आढळतं, लोक त्याला काय म्हणतात, कशासाठी वापरतात याचीही नोंद जागोजागी केली. वर्णनं त्रोटक आहेत. पुढच्या अभ्यासकांनी त्यावरून कुरकुर केली, कारण दोन ओळींच्या वर्णनावरून झाड ओळखणं कठीण जातं. तरीही त्याच्या आधी या प्रदेशाची अशी यादी कुणी छापली नव्हती. डाल्झेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ आलं १८६१ मध्ये आणि थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात. दोन्ही ग्रंथांची वाट ग्रॅहॅमच्या यादीवरून जाते.

पुस्तक छापखान्यात असताना, मे १८३९ मध्ये, ग्रॅहॅम खंडाळ्याला होता. थोड्या दिवसांचं आजारपण झालं आणि तो वारला, वयाच्या ३४ व्या वर्षी. तोवर पुस्तकाची सुमारे २०० पानं छापून झाली होती. उरलेलं काम जोसेफ निम्मो या मित्रानं पुरं केलं. निम्मो हाही हौशी वनस्पतीवेडा, ग्रॅहॅमला नमुने आणि माहिती पुरवणारा.

या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ग्रॅहॅमच्या क्रमात दोन दलांच्या वनस्पती आधी येतात आणि एकदल वनस्पती शेवटी. म्हणजे पावसाच्या पहिल्या सरींबरोबर कंदातून वर येणारी जवळपास सगळी फुलं, आमरी, हळदी, लिली, सुरणाच्या कुळातले फुलोरे, पुस्तकाच्या अखेरच्या भागात पडतात. रानहळद, कुर्कुमा स्यूडोमोंटाना, येते २१० व्या पानावर. सापकांदा येतो २२९ व्या पानावर, तेव्हा ‘अरम मरेआय’ या नावानं. विल्यम हुकर यांनी १८४८ मध्ये त्याला आरिसीमात नेलं. ही दोन्ही नावं आज जगभरच्या वनस्पतीशास्त्रात ग्रॅहॅमच्या नावानिशी लिहिली जातात. पण ज्या पानांवर ती छापली गेली, ती पानं छापून आलेली त्यानं पाहिली नाहीत. त्यांचं छपाईकाम निम्मोच्या देखरेखीखाली झालं. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या ग्रॅहॅमचंच राहिलं. दुसऱ्याचं अर्धवट काम हाती घेऊन ते त्याच्याच नावावर पुरं करणं ही विद्याव्यवहारातली मोठी गोष्ट आहे, आणि या प्रदेशाच्या वनस्पतींच्या पहिल्याच छापील यादीत ती घडली आहे.

या मैत्रीची दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे, आधीच्या पानांत, ग्रॅहॅमच्या हयातीत छापलेल्या. १५५ व्या पानावर त्यानं एका छोट्या झाडाला निम्मोचं नाव दिलं: प्रेम्ना निम्मोनियाना. चूक एवढीच झाली की ते झाड प्रेम्ना नव्हतंच, कुळही निराळं होतं. त्यामुळे नाव अडगळीत गेलं. तेच झाड पुढे नव्यानं वर्णिलं गेलं आणि दीर्घकाळ ‘मॅपिया फोटिडा’ या नावानं ओळखलं गेलं. १९८० च्या सुमारास मॅबर्ली या वनस्पतीशास्त्रज्ञानं ग्रॅहॅमचं नाव आधीचं असल्याचं धरून ते परत आणलं: नोथापोडायटिस निम्मोनियाना. हे झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नरक्या.

नरक्याची पुढची कथा सगळ्यांना माहीत असावी अशी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळं केलं. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये हेच द्रव्य भारतातल्या नरक्यातही सापडलं, आणि भरपूर प्रमाणात. औषध मोलाचं ठरलं. झाडाच्या वाट्याला कुऱ्हाड आली, आणि सह्याद्रीतून नरक्याच्या लाकडाची चोरटी वाहतूक सुरू झाली. मित्राच्या नावाचं झाड नामावलीत परत आलं, पण रानात त्याची संख्या घटत गेली. नागछत्रीचं जे झालं तेच नरक्याचं. बाजारात किंमत आली की उगवण्याचा वेग कुणी विचारत नाही.

ग्रॅहॅम जिथे गेला त्या खंडाळ्याकडे पुढे आणखी एका माणसानं लक्ष दिलं. सेंट झेवियर्स कॉलेजचे स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव यांनी पावसाळ्यामागून पावसाळे खंडाळ्यात हिंडून तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच सांतापाव यांनी आर. आर. फर्नांडिस यांच्यासह बोरिवलीच्या नावावरून सफेद मुसळीच्या एका जातीचं बारसं केलं, क्लोरोफायटम बोरिविलिएनम. मुंबईच्या उंबरठ्यावर सापडलेली ही मुसळीही औषधी बाजारासाठी रानोरान खणली गेली. तिची शेती सुरू झाली ती त्यानंतर.

आता भिवंडीकडे येतो. आमच्या तालुक्याचं नाव काढलं की लोकांना माग आणि गोदामं आठवतात. पण वाड्याच्या रस्त्यानं अंबाडी नाका, वज्रेश्वरी, दुगाडचा गुमतारा आणि तुंगारेश्वरच्या अभयारण्याचा डोंगर या बाजूला मृगाच्या आसपास गेलात तर ग्रॅहॅमची शेवटची पानं जमिनीतून वर आलेली दिसतील. रानहळदीचे गुलाबी-जांभळे तुरे दिसतील, बांधाबांधाला थोड्या दिवसांनी कळलावी चढेल. कळलावी ट्रिलियमच्याच गणातली, म्हणजे नात्यानं सापकांद्यापेक्षा जवळची. आणि सर्वांच्या आधी येतं ते शेवळ.

शेवळ हा सापकांद्याचाच कुळबंधू. मे सरताना आदिवासी बाया त्याच्या जुड्या बांधून रस्त्याच्या कडेला आणि भिवंडीच्या बाजारात बसतात. सोबत आंबट काकडं असतात, कारण त्यांच्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही. ज्यांच्या घरी शेवळाची भाजी होते त्यांना निवडण्याची रीत ठाऊक आहे: वरचं आवरण सोलायचं, दांड्याच्या तळाचा पिवळा दाणेदार भाग कापून टाकायचा, कारण तो खाजरा, आणि उरलेलं बारीक चिरायचं. तो टाकलेला पिवळा भाग म्हणजेच शेवळाची फुलं. आपण खातो ते बी धरण्याआधी तोडलेला फुलोरा असतो. कंद जमिनीत शाबूत राहतो, त्यातून पुढे लोत म्हणजे पान येतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा शेवळ मिळतं. पण एका जागचे सगळेच फुलोरे दरसाल तोडले तर तिथे नवं रोप उगवत नाही. कंद म्हातारे होतात आणि डोंगर सपाट करणारा जेसीबी एका दुपारी ते संपवतो. यात भाजी विकणाऱ्या बाईला दोष देणं चुकीचं आहे. तिच्या आईनं आणि आजीनं जिथून शेवळ काढलं तो माळच आज शिल्लक नाही. उरलेल्या तुकड्यावर सगळ्यांचा भार आला आहे. शेवळ खाणाऱ्या घरांनी एवढं करावं: ओळखीच्या विक्रेतीला सांगावं की प्रत्येक जागी काही फुलोरे फळासाठी राखून ठेव, आणि जुडीला दोन पैसे जास्त द्यावेत.

ही फुलं बागेत लावायची हौस आता वाढते आहे. हौस चांगली आहे. रीत सुधारली पाहिजे. पावसाळ्याच्या शेवटी पिकलेली थोडी फळं घ्यावीत. गर खाजरा असतो, तो हातमोजे घालून धुवावा. बी पालापाचोळ्याच्या मातीत, झाडाच्या सावलीत पेरावं. पान वाळून गेलं की पाणी तोडावं, कारण हिवाळा-उन्हाळा कोरडा राहिला नाही तर कंद कुजतो. पहिल्या पावसात फक्त एक पान येईल, पुढची काही वर्षंही पानच येईल. ज्याला एवढा धीर नाही त्यानं हे झाड रानातच पाहावं. कुणी फुलावर आलेला सापकांद्याचा मोठा कंद स्वस्तात विकत असेल, तर तो रानातून खणून आणला आहे असंच समजावं आणि घेऊ नये.

ग्रॅहॅमच्या सोसायटीची शिवडीची बाग आज नाही. ती जागा १८६५ च्या सुमारास पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली आणि शिवडीची दफनभूमी तिथेच आहे. त्याआधी १८६२ मध्ये भायखळ्याला नवी बाग खुली झाली होती, ती आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ग्रॅहॅमच्या कामाचा वारसा त्या बागेकडे जातो. सापकांद्याला मुंबईचा उकाडा मानवणार नाही. पण शेवळ, रानहळद, कळलावी ही कोकणच्या सपाटीवर वाढणारी झाडं आहेत. पालिकेनं राणीच्या बागेत, मोठ्या झाडांच्या सावलीत, बियांपासून वाढवलेल्या या कंदांचा एक वाफा राखावा, त्यावर मराठी नावाची पाटी लावावी आणि खाली ग्रॅहॅम व निम्मो यांची नावं लिहावीत. खर्च नगण्य आहे. मृगात शाळेच्या मुलांना तिथे नेऊन दाखवता येईल की ट्रिलियम बघायला कॅनडाला जावं लागत असलं, तरी त्याचा शेजार इथेच आहे.