मिग-२१ : एका लढाऊ विमानाचे जवळून दर्शन

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथील हवाई तळावर भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. याच चंदीगडमध्ये १९६३ च्या मार्च महिन्यात या विमानांची पहिली तुकडी उभी राहिली होती. एकाच जातीचे लढाऊ विमान बासष्ट वर्षे एका देशाच्या सेवेत राहावे, ही गोष्ट विमानविद्येच्या इतिहासात विरळाच होय. या प्रदीर्घ काळात आठशेहून अधिक मिग-२१ विमाने आपल्या हवाई दलात दाखल झाली आणि त्यांतील बहुसंख्य विमानांची बांधणी नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे झाली. म्हणूनच या विमानाची हकीकत ही काही अंशी महाराष्ट्राच्या औद्योगिक वाटचालीचीही हकीकत आहे.

दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात हे विमान पाहावयास मिळते. शाळांच्या सहली अशा विमानासमोर थांबतात, छायाचित्रे काढली जातात आणि मंडळी पुढे जातात. परंतु थोडा वेळ थांबून त्याचे एकेक अंग न्याहाळले, तर असे दिसून येईल की, त्याचा प्रत्येक अवयव एकाच हेतूने घडविलेला आहे, आणि त्या हेतूसाठी मोजावी लागलेली किंमतही त्याच अवयवांत दडलेली आहे.

हेतू एकच : वेग

‘मिग’ हे नाव आर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच या दोन सोव्हिएत विमानरचनाकारांच्या आडनावांवरून पडले. मधला ‘इ’ म्हणजे रशियन भाषेतील ‘आणि’. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शीतयुद्धाच्या काळात उंचावरून अण्वस्त्रे घेऊन येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांचे भय सर्वत्र होते. अशा विमानांना वाटेतच गाठावयाचे, तर क्षणार्धात आकाशात झेपावणारे, ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, बांधावयास सोपे आणि स्वस्त असे विमान हवे होते. जमिनीवरील रडारने दिशा दाखवावी, विमानाने त्वरेने वर जाऊन घाव घालावा आणि परतावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. या गरजेतून १९५५ साली पहिले प्रायोगिक विमान उडाले आणि १९५९ पासून ते सोव्हिएत हवाई दलाच्या सेवेत आले. पुढे जगभरात अशी दहा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली.

नाकापासून शेपटीपर्यंत

विमानासमोर उभे राहिले की, प्रथम नजरेत भरते ते त्याचे उघडे, वर्तुळाकार तोंड. इंजिनाला लागणारी सारी हवा याच तोंडातून आत जाते. तोंडाच्या मधोमध एक टोकदार शंकू आहे. तो शोभेचा नाही. विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागले की, समोरून येणारी हवा त्याच प्रचंड वेगाने इंजिनावर आदळू पाहते. परंतु इंजिनाची पाती अशी स्वनातीत हवा स्वीकारू शकत नाहीत. शंकूच्या टोकापाशी आघात-लहरी निर्माण होतात, त्यांतून जाताना हवेचा वेग मंदावतो आणि दाब वाढतो. विमानाच्या वेगानुसार हा शंकू पुढे-मागे सरकतो. नंतरच्या आवृत्त्यांत याच शंकूच्या पोटात रडार बसविण्यात आले. मात्र शंकू लहान, म्हणून रडारही लहान. आणि रडार लहान, म्हणून त्याची नजरही तोकडी. एका अवयवाकडून दोन कामे करून घेताना एका कामाला मर्यादा पडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

नाकाजवळून पुढे आलेली लांब सुईसारखी नळी हवेचा दाब मोजते व त्यावरून वैमानिकास वेग व उंची कळते. विमानाच्या अंगाचा गलबला जिथे पोहोचत नाही, अशा निवांत हवेत तिचे टोक असावे, म्हणून ती इतकी लांब ठेवलेली असते.

विमानाचे धड म्हणजे वस्तुतः इंजिनाभोवती गुंडाळलेली एक नळी आहे. तोंडातून आत आलेली हवा वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते व इंजिनात शिरते. तेथून तप्त वायूचा झोत शेपटीकडून बाहेर पडतो. अधिक जोर हवा असेल, तेव्हा या झोतातच पुन्हा इंधन फवारून पेटविले जाते. त्याने विमान बाणासारखे वर चढते. पण इंधन मात्र पाण्यासारखे वाहून जाते. नळीसारख्या या देहात इंधनाला जागा आधीच थोडी. त्यामुळे पोटाखाली जादा टाकी न लावता हे विमान पाऊण तासाच्या आसपासच आकाशात राहू शकत असे. लांबचा पल्ला त्याच्या नशिबी नव्हता.

पंख त्रिकोणी असून ते आश्चर्य वाटावे इतके पातळ आणि लहान आहेत. विमानाची लांबी पंधरा मीटरच्या घरात, तर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर अवघे सव्वासात मीटर. पातळ पंख हवेला कमी अडवितात, म्हणून वेग मिळतो. मात्र अशा पंखांत चाके मावत नाहीत. म्हणून मुख्य चाके वळून उभी होतात आणि धडाच्या पोटात जाऊन बसतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लहान पंखांना विमान तोलून धरण्यासाठी वेग लागतो. परिणामी, हे विमान धावपट्टीवर उतरतानाही ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने उतरे. उतरताच शेपटीकडून एक छत्री उघडे आणि तिच्या साहाय्याने विमानाचा वेग आवरला जाई.

वैमानिकाचा कक्ष

कक्ष अतिशय अरुंद आहे. वैमानिक त्यात बसला की, इकडेतिकडे हलावयास फारशी जागा उरत नाही. मागे पाहणे तर अवघडच. समोरच्या निळसर-हिरव्या फळीवर घड्याळांसारखी अनेक उपकरणे दाटीवाटीने बसविलेली आहेत. या फळीवर मधोमध एक उभी पांढरी रेषा रंगविलेली दिसते. विमान गिरक्या खात खाली येऊ लागले आणि वैमानिकास दिशेचे भान राहिले नाही, तर त्याने हातातील दांडा त्या पांढऱ्या रेषेच्या समोर आणावा, म्हणजे तो नेमका मध्यभागी येतो. गोंधळलेल्या क्षणी माणसाला आकडेमोड सुचत नाही, एक साधी खूणच उपयोगी पडते, हे ओळखून केलेली ही योजना आहे.

ओझरचा कारखाना

पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ ही स्वनातीत विमाने मिळाल्यानंतर भारतालाही तोडीच्या विमानाची गरज भासू लागली. सोव्हिएत संघाने विमाने देण्याबरोबरच ती भारतात बांधण्याचे तंत्रही देऊ केले आणि १९६२ साली त्याप्रमाणे करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चिनी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर श्री. यशवंतराव चव्हाण यांनी देशाच्या संरक्षणमंत्रिपदाची धुरा हाती घेतली व पुढील वर्षी ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगच्या उत्पादनाची विभागणी तीन ठिकाणी करण्यात आली : सांगाडा व जोडणी ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड ही कंपनी अस्तित्वात आली आणि तिच्या ओझर विभागाचे काम सुरू झाले.

निफाड तालुका हा शेतीचा, पुढे द्राक्षांसाठी प्रसिद्धीस आलेला मुलूख. तेथील कामगारांनी जगातील एका अद्ययावत विमानाची जोडणी करावयाची होती. हे काम पायरीपायरीने झाले. प्रारंभी रशियाहून आलेले तयार भाग जोडले गेले, मग लहान भाग येथे तयार होऊ लागले आणि १९७० साली कच्च्या मालापासून भारतात घडविलेले पहिले मिग-२१ हवाई दलाच्या हाती सोपविण्यात आले. मिलीमीटरच्या अंशानेही न चुकता पत्रा वाकविणे, हजारो रिव्हेट एकसारखे बसविणे, प्रत्येक कामाची नोंद ठेवणे, ही शिस्त त्या वर्षांत येथे रुजली. परिसरातील लोकांच्या बोलण्यात गावाचे नावच ‘ओझर मिग’ असे झाले. १९८० च्या दशकात मिग-२१ चे उत्पादन थांबले, परंतु कौशल्य थांबले नाही. मिग-२७, सुखोई-३० ही विमाने येथे तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे मिग-२१ च्या निरोपानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, येथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने ओझरहून पहिले उड्डाण केले.

रणांगणातील कामगिरी

१९६५ च्या युद्धात या विमानांची संख्या मोजकीच होती, त्यामुळे त्यांचा सहभागही मर्यादित राहिला. भारतात प्रथम मोठ्या संख्येने बांधल्या गेलेल्या आवृत्तीत तोफ नव्हती; शत्रूच्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणारी दोन क्षेपणास्त्रे, एवढेच तिचे शस्त्र. क्षेपणास्त्रांच्या युगात तोफ कालबाह्य झाली, अशी रचनाकारांची समजूत होती. आपल्या हवाई दलाने मात्र पोटाखाली जोडता येणारी दुनळी तोफ बसवून घेतली. हा निर्णय किती योग्य होता, ते १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर सिद्ध झाले. पाकिस्तानचे एफ-१०४ विमान तेथे मिग-२१ ने याच तोफेने पाडले.

पूर्व आघाडीवर याच विमानांनी ढाक्यातील तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून ती निकामी केली. १४ डिसेंबर रोजी ढाक्यातील गव्हर्नर भवनावर त्यांनी अग्निबाणांचा मारा केला आणि त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांनी राजीनामा दिला. आकाशात बॉम्बफेकी विमानांना अडविण्यासाठी निर्माण झालेले यंत्र भारतीय वैमानिकांनी जमिनीवरील लक्ष्यांसाठीही असे वापरून दाखविले. १९९९ च्या कारगिल संघर्षात व सुधारित ‘बायसन’ रूपाने फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीतही ही विमाने उतरली.

किंमत

या गौरवाची दुसरी बाजू सांगितल्याविना हे दर्शन पुरे होणार नाही. संसदेत २०१२ साली देण्यात आलेल्या माहितीनुसार, त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग श्रेणीच्या ४८२ विमानांना अपघात झाले होते व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. मिग श्रेणीतील सर्वाधिक विमाने मिग-२१ चीच होती.

याची कारणे वर वर्णिलेल्या अवयवांतच सापडतात. इंजिन एकच, ते बंद पडले तर दुसरा आधार नाही. पंख लहान, म्हणून बंद इंजिनाने तरंगत येण्यास अवधी अल्प. उतरण्याचा वेग मोठा. म्हणून चुकीला क्षमा नाही. त्यात विमानांचे वय वाढत गेले आणि त्यांची जागा घेणारी नवी विमाने येण्यास विलंब झाला. आणखी एक कारण शिक्षणाच्या क्षेत्रातील वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. तरुण वैमानिक मंद गतीच्या प्रशिक्षण विमानावरून थेट या वेगवान विमानावर जात. शिडीची मधली पायरीच नव्हती. प्रगत प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस १९८२ साली नेमलेल्या समितीने केली होती. ‘हॉक’ हे असे विमान हवाई दलात प्रत्यक्ष दाखल झाले ते २००८ साली. २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात महाराष्ट्रातील एक तरुण वैमानिक मिग-२१ सह कोसळून मृत्यू पावला. त्याच्या मातापित्यांनी वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जनतेपुढे मांडला आणि पुण्यात उड्डाणाचे शिक्षण देणारी संस्था उभारली. दुःखातून निपजलेले हे कार्य मिग-२१ च्या इतिहासाचाच एक भाग आहे.

आपण काय करू शकतो ?

प्रदर्शनात ठेवलेल्या विमानासमोर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना केवळ नाव आणि वेग न सांगता प्रश्न विचारावेत. तोंडात शंकू कशासाठी ? पंख एवढे लहान का ? चाके पंखांत का नाहीत ? विज्ञानाच्या पुस्तकातील हवेचा दाब, ध्वनीचा वेग आणि क्रिया-प्रतिक्रियेचा नियम येथे हात लावून पाहता येतात.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीनेही त्या उघड्या तोंडात एक बोध आहे. समोरून आलेला एखादा पक्षी इंजिनात ओढला गेला, तर एका इंजिनाच्या विमानाचा घात होऊ शकतो. विमानतळाच्या आसपास दहा किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा अथवा मृत जनावरांचे अवशेष टाकण्यास विमानविषयक नियमांनी मनाई करण्यात आली, ती याच कारणासाठी. घारी-गिधाडे उकिरड्यावर जमतात आणि तेथून विमानाच्या वाटेत येतात. हवाई तळाजवळील गावाने आपला कचरा नीट हाताळला, तर एका वैमानिकाच्या प्राणरक्षणाला हातभार लागतो. मिग-२१ निवृत्त झाले असले, तरी तेजसलाही इंजिन एकच आहे. आणि ते आता ओझरच्या आकाशात उडू लागले आहे.