शेअरच्या बदल्यात शेअर : घ्यावे की नको?



आपल्यापैकी कितीतरी जणांची पोरेबाळे दादर, परळ, लालबागला नोकरीला आहेत. त्यांच्या सल्ल्याने गावाकडच्या माणसांनीही कंपन्यांचे शेअर घेतले आहेत. अशा घरी एखादे दिवशी कागद येतो, "तुमचे शेअर द्या, बदल्यात दुसऱ्या कंपनीचे घ्या." मग करावे काय?

आधी एवढेच बघा, कागद तुमचा शेअर मागतो आहे की तुमचे मत? दोन्हीत फार फरक आहे.

२०१३ साली युनिलिव्हरने हिंदुस्थान युनिलिव्हरचा शेअर ६०० रुपये रोख देऊन घेण्याची तयारी दाखविली. हा सौदा खुशीचा होता. ज्याने कागद भरला नाही त्याचा शेअर त्याच्याकडेच राहिला. कंपनीला आपला हिस्सा ७५ टक्क्यांपर्यंत न्यायचा होता, तो सुमारे ६७ टक्क्यांवरच थांबला. पुढे काही वर्षांनी त्या शेअरचा भाव दोन हजारांच्या वर गेला. अर्थात पुढचा भाव आधी कुणालाच दिसत नाही.

आता दुसरा प्रकार. दादर-परळजवळच्या प्रभादेवीत कचेरी असलेल्या आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या बाबतीत २०२३ साली योजना निघाली, की १०० शेअर द्या आणि आयसीआयसीआय बँकेचे ६७ घ्या. मार्च २०२४ मध्ये मतदान झाले. नियम असा, की बाहेरच्या भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांच्या निदान दुप्पट हवीत. सुमारे ७२ टक्के मते बाजूने पडली. लहान भागधारकांपैकी बऱ्याच जणांचा विरोध होता, काही जण न्यायाधिकरणापर्यंत गेले. पण मार्च २०२५ मध्ये अपील फेटाळले गेले आणि विरोध करणाऱ्यांचेही शेअर बदलले. इथे गप्प बसणे म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे.

आपल्या कारखान्यात एक सभासद, एक मत. कंपनीत जितके शेअर तितकी मते. म्हणून तिथे मोठ्या संस्थांचे पारडे जड असते.

हिशेब मात्र घरीच करता येतो. समजा, बँकेचा शेअर १,००० रुपयांना आहे, म्हणजे ६७ शेअरचे ६७,००० झाले. आपल्या १०० शेअरचा बाजारभाव ७०० असेल तर ते ७०,००० चे. म्हणजे आजच्या भावाने ३,००० चा तोटा. भाव रोज हलतो, म्हणून हा हिशेब शेवटच्या तारखेच्या आधी पुन्हा करावा. दोन्हीकडचा लाभांश आणि धंदा बघावा, कर किती लागेल ते जाणकाराला विचारावे.

उसाचा काटा आपण स्वतः उभे राहून बघतो. शेअरचा कागदही तसाच नीट वाचावा, मुदतीची तारीख बघावी आणि मगच सही करावी.