आंबेमोहराचा परिमळ
मुळशी तालुक्यातील खाचरांत पिकणाऱ्या आंबेमोहराचा भात शिजताना जो परिमळ घरभर दरवळतो, त्याचे मूळ एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कर्तव्यच्युतीत शोधावे लागते. साध्या भातात हा विकर शाबूत असतो. त्याच्या घडीतील अरुंद विवरात अमिनोब्युटिराल्डिहाइडचा चिमुकला रेणू शिरतो, भोवतालच्या अमिनो आम्लांच्या आकर्षणाने नेमक्या स्थितीत जखडला जातो, आणि तेथील सिस्टीनचा गंधक-अणू त्याच्या कार्बनशी क्षणिक बंध जोडतो, त्याचा हायड्रोजन शेजारच्या एनएडी या सहविकराच्या हवाली होतो व शेवटी गंधहीन आम्ल बाहेर पडते. बहुतेक सुवासिक वाणांत मात्र, 2005 साली उजेडात आल्याप्रमाणे, विकराच्या जनुकातील 8 अक्षरे गळालेली असल्याने ते विवर धड घडतच नाही (आणि या न्यूनाला बाजारात चढा भाव मिळतो!), बेवारस साचलेल्या रेणूंपासून मग 2-अॅसिटिल-1-पायरोलिन हे सुगंधद्रव्य तयार होते.