सिव्हिल लाइन्समधली संध्याकाळ

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये दिवसभर फायलींचा कारभार चालतो. विधानभवन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, आमदार निवास, विद्यापीठाची जुनी प्रशासकीय इमारत, सगळं याच भागात. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते मोकळे होतात, आणि त्याच वेळी डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या फाटकाकडे दुचाक्या वळू लागतात. पावसाळ्यात तर हे दृश्य हमखास दिसतं. ३० जुलै हा वसंतरावांचा स्मृतिदिन. त्याच्या आसपास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवतं. ओल्या छत्र्या मिटत, रेनकोट झटकत माणसं आत शिरतात. आत तंबोरे लागलेले असतात.

सभागृहांना थोरामोठ्यांची नावं देण्याची आपल्याकडे रीतच आहे. पण इथे ते नाव मुक्कामी पोचलंय असं मला वाटतं. वसंतराव जन्मले मूर्तिजापूरला, २ मे १९२० रोजी. आई त्यांना घेऊन नागपुरात आली आणि याच शहरात शंकरराव सप्र्यांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९३५) ते कृष्ण झाले, तेव्हा वय जेमतेम पंधरा. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा शिकले, पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी केली, आणि नोकरी सांभाळत गात राहिले.

मग आलं ‘कट्यार काळजात घुसली’. २४ डिसेंबर १९६७ला पहिला प्रयोग झाला. वसंतरावांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले, ते अजून त्याच आठवणीवर जगतात. मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात या नाटकाचं पान मुंबईच्या खात्यावर लिहिलं जातं, कारण निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची. पण लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. इथे त्यांनी ‘रंजन कला मंदिर’ उभं केलं, पोरांना नाटक शिकवलं, म्हणून साऱ्या गावाचे ते ‘मास्तर’. नागपुरात वाढलेल्या एका माणसाने लिहिलेली भूमिका नागपुरातच सूर लागलेल्या दुसऱ्या माणसाने अजरामर केली. २०१५मध्ये त्यावर चित्रपट आला, तेव्हा या नाटकाचं नावही न ऐकलेली पोरं त्यातली पदं गुणगुणत फिरत होती. त्या पोरांना हे नागपूरचं नातं कुणीतरी सांगायला हवं होतं.

समारोह भरवणारं सांस्कृतिक केंद्रही याच सिव्हिल लाइन्समध्ये, आमदार निवासासमोर. देशात अशी सात क्षेत्रीय केंद्रं आहेत. नागपूरचं १९८६मध्ये सुरू झालं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण ही राज्यं त्याच्या पदराखाली येतात. नकाशा पाहिला तर नागपूरची निवड किती नेमकी आहे ते कळतं. इथून कोणत्याही बाजूला निघालं, तरी वेगळी भाषा आणि वेगळा ढोल भेटतो.

ते सगळे ढोल एका आवारात ऐकायचे असतील तर हिवाळ्याची वाट पाहावी. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास इथे ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा आणि लोकनृत्य समारोह होतो. छत्तीसगडचे पंथी नर्तक मांदर आणि झांजेच्या ठेक्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे रचतात. गुरु घासीदासांची भक्ती एवढ्या वेगाने अंगात भिनलेली पाहिली की बसल्या जागी पाय हलायला लागतात. कर्नाटकचं डोळ्ळू कुणित सुरू झालं की आवाज कानाआधी छातीत पोचतो. गुदुम बाजा वाजवणारे मध्य प्रदेशातले वादक वाजवता वाजवता कोलांट्या घेतात. आदिलाबादकडचे राजगोंड मोरपिसांचे डोलारे डोक्यावर घेऊन गुसाडी नाचतात. मूळचा तो दिवाळीतल्या दंडारीचा नाच, आणि दंडार तर आपल्या विदर्भाच्या गावागावांतली. भाषा तेलंगणाची असो वा चंद्रपूरची, नातं पायांना कळतं.

एक गोष्ट मात्र मला दरवर्षी सलते. मेळ्यात गर्दी मोठी असते, पण बरीचशी दुकानांपाशी आणि खाण्याच्या ठेल्यांपाशी. नाच सुरू असताना लोक पिशव्या सांभाळत मंचासमोरून निघून जातात. दोनेकशे कोसांवरून आलेल्या त्या माणसांसाठी अर्धा तास बसायला काय हरकत आहे? चंदेरीची साडी नाच संपल्यावरही मिळते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, रस्त्यांवर कठडे लागतात, गाडी दूर ठेवून चालावं लागतं, हे खरंच. तरी जावं.

नाटकवाल्यांसाठी शहरात इतर ठिकाणंही आहेत. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २२ सप्टेंबर २०१७ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते खुलं झालं. नव्व्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन फेब्रुवारी २०१९मध्ये रेशीमबागेतच झालं. त्याच वर्षी राम गणेश गडकऱ्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली होती, आणि गडकरी गेले ते इथून जवळच, सावनेरात. संमेलनाध्यक्ष प्रेमानंद गज्वी, उद्घाटक महेश एलकुंचवार. दोघेही विदर्भाच्या मातीतले.

त्या संमेलनानंतर झाडीपट्टीच्या नाटकांविषयी शहरात थोडं आदराने बोललं जाऊ लागलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळी ते होळी रात्र रात्र नाटकं चालतात, धानाची कापणी झालेल्या बांधीत मांडव पडतो, आणि मंडळ्यांचं माहेर म्हणजे वडसा. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. माझं ठाम मत आहे की नागपूरच्या मोठ्या सभागृहांनी वर्षातला एक आठवडा या मंडळ्यांसाठी राखून ठेवावा. मुंबईच्या नाटकाला आपण तिकीट काढून जातो, मग वडशाच्या नाटकाला का नाही?

असा प्रेक्षक घडवण्यात नागपूर विद्यापीठाचा वाटा मोठा व्हायला हवा. १९२३मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २००५पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. ज्या माणसाने खंजिरीवर भजन म्हणत खेडी जागी केली, त्याच्या नावाचं विद्यापीठ. त्याच्या युवक महोत्सवांतून पोरं एकांकिका करतात, मूकनाट्य करतात, समूहगान बसवतात. तालमीसाठी रात्री जागणाऱ्या या पोरांपैकी फार थोडी मला वसंतरावांच्या स्मृतिसमारोहात दिसतात. सांस्कृतिक केंद्राच्या बहुतेक कार्यक्रमांना तर पैसेही पडत नाहीत.

एलकुंचवारांची गोष्ट या पोरांना माहीत असेल कदाचित. साठच्या दशकात नागपुरात ते सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून जवळच चाललेल्या नाटकाला जाऊन बसले. ते होतं विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, विजया मेहतांनी बसवलेलं. इंग्रजी शिकवणारा तो तरुण बाहेर पडला तो नाटक लिहायचं ठरवूनच. १९६७मध्ये ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका छापून आली, आणि पुढे ‘वाडा चिरेबंदी’पर्यंतची वाट उघडली.

तेव्हा जुलैअखेरच्या एखाद्या संध्याकाळी सीताबर्डीवर सिनेमाचं तिकीट मिळालं नाही, तर सिव्हिल लाइन्सकडे वळावं. छत्री सोबत असू द्यावी. मारवा दिवेलागणीचा राग आहे. त्या वेळी कुणी तो गायला बसलं असेल, तर मागच्या रांगेतली खुर्चीही पुरते.